लाव्हा लॅम्पची बाटली कितीही वेळा सील केली तरी पाझरते? आधी वरची मोकळी जागा मोजा

जुना लाव्हा लॅम्प (खालच्या बल्बच्या उबेने बाटलीतलं मेण पाण्यात वर-खाली फिरतं तो दिवा) उघडायचा, आतलं गढूळ पाणी बदलायचं, घनता जुळवत दोन-चार रात्री घालवायच्या आणि एकदाचं मेण वर-खाली फिरायला लागलं की काय बरं वाटतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आणि मग आठवडाभरात बघावं तर पाण्याची पातळी नखभर खाली गेलेली, मानेभोवती रंगाचा सुकलेला कडक थर, वरची धातूची टोपी काढली तर आतून ओली. परत झाकण काढा, परत पाणी घाला, परत सील करा, आणि पंधरा दिवसांनी परत तेच. माझ्या एका लॅम्पने मला हे चार वेळा करायला लावलं. चौथ्या वेळी कुठं पाणी मुरतंय ते सापडलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण याबद्दल विचारलं की लोक लगेच "अमुक गोंद वापर" असं सांगतात आणि बहुतेक वेळा मूळ दुखणं गोंदाचं नसतंच.

आधी लक्षणं, कारण गळती दरवेळी थेंबाथेंबाने दिसत नाही. पातळी हळूहळू उतरते ही एक. दुसरं म्हणजे मेणाची चाल बदलते, काल छान गोळे सुटत होते आणि आज मेण वर जाऊन बसतंय, खाली यायचं नावच घेत नाही, कारण पाणी उडून गेलं की त्यात विरघळलेलं मीठ, ग्लायकॉल वगैरे मागे राहतं आणि द्रव थोडा जड होतो, आणि या दिव्यात मेण आणि पाण्याच्या घनतेत फरकच इतका बारीक असतो की तेवढ्यानेही खेळ बिघडतो. तिसरं, पत्र्याच्या झाकणाच्या दात्यांवर गंज. हे तिन्ही एकत्र दिसलं तर घनता जुळवत बसू नका, आधी तोंड बघा.

आता बाटली का पाझरते? ती रोज श्वास घेते म्हणून. दिवा लावला की आतला द्रव ५०-६० अंशांपर्यंत तापतो, फुगतो, बंद केला की आक्रसतो. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण दीड टक्का फुगतं, म्हणजे एका लिटरला १५ मिली. मेण तर त्याहून बरंच जास्त, घट्टचं पातळ होताना दहा टक्क्यांच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर. हा सगळा फुगवटा जातो कुठं, तर झाकणाखाली जी हवा उरलीय तिला दाबत वर. हवा भरपूर असेल तर ती निमूट दबते. हवा बोटभरच ठेवली असेल तर तिचा दाब इतका चढतो की झाकणाची किंवा गोंदाची जी कमकुवत जागा असेल तिथून वाट काढतो. मग रात्री बाटली गार झाली की उलटं, आत ओढ तयार होते आणि त्याच वाटेने बाहेरची हवा आत. असं रोज. कुठलाही सील हे महिनोन् महिने सोसेल अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

आणि आपण पुन्हा सील करताना नेमकं काय करतो, तर कडेपर्यंत पाणी भरतो, कारण भरलेली बाटली छान दिसते. मीही तेच केलं होतं.

गोंदाचे माझे तीन प्रयत्न

पहिल्यांदा मी जुनंच झाकण परत दाबून बसवलं आणि भोवती हॉट ग्लू गनने गोंद फिरवला. दिव्याचं वरचं टोक फार तापत नाही असं वाटतं पण वरच्या टोपीखाली ऊब कोंडून राहते आणि हा गोंद उबेत मऊ पडतो, चौथ्या दिवशी नखाने ओढला तर रबरी सालीसारखा निघून आला, काचेला धरलेलाच नव्हता.

मग दोन भागांचा इपॉक्सी. हा मात्र दगडासारखा बसला आणि मला वाटलं झालं काम. पण इपॉक्सी कडक, काच कडक, पत्रा रोज वाकणार, तिघांचं तापल्यावर फुगणं वेगवेगळं. तीन आठवड्यांनी एका बाजूला केसासारखी चीर. शिवाय काचेच्या काठावर मेणाचा डोळ्याला न दिसणारा थर होता, त्यावर इपॉक्सी पकडच घेत नाही. आणि तो परत काढताना काठ वाचवायला जो वेळ गेला तो वेगळाच, म्हणून सांगतो, जिथं परत उघडायची वेळ येऊ शकते तिथं इपॉक्सी लावूच नका.

तिसऱ्यांदा सिलिकॉन सीलंट, काचेच्या मत्स्यटाक्यांना लावतात तसलं. हे लवचिक असतं, काचेला उत्तम धरतं, उबेला घाबरत नाही, म्हणजे तिघांत हेच बरं. पण हे हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत सुकतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढंच. मी जाड बुचासारखं भरलं होतं, वरून सुकल्यासारखं दिसलं आणि आत मलमासारखं ओलंच, दिवा लावल्यावर दाबाने त्यातून बुडबुड्याची वाट पडली. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट असेल तर ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि ते पत्र्यालाही गंजवतं. इन्स्टंट ग्लूचं तर नावच काढू नका, ठिसूळ असतो आणि त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धूसर छटा येते.

तिन्ही वेळा गोंद बदलला, पाण्याची पातळी तीच ठेवली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असला प्रकार.

फुगवटा किती ते मोजायचं

अंदाज करू नका, मोजा. सोपं आहे आणि एकदाच करायचंय. बाटली गार असताना पातळीवर बारीक चिकटपट्टी लावा. झाकण नुसतं वर ठेवा, दाबू नका, आणि दिवा लावून मेण पूर्ण फिरायला लागेपर्यंत थांबा, माझ्याकडे तीन तास लागतात. आता पातळी पट्टीच्या वर चढलेली असेल. लांब नळी लावलेल्या स्वच्छ सिरिंजने वरून हळूहळू पाणी काढा, पातळी परत पट्टीवर येईपर्यंत. जेवढे मिली निघाले तेवढा तुमच्या बाटलीचा फुगवटा. माझ्या लिटरभर पाणी आणि पावभर मेणाच्या बाटलीत ३७ मिली निघालं. काढलेलं पाणी झाकून ठेवा आणि बाटली गार झाल्यावर परत घाला, म्हणजे घनता हलत नाही. द्रव चांगला गरम असतो, हातमोजे घाला. आणि हा प्रयोग करायच्या आधी गार बाटलीत वर पुरेशी जागा आहे ना बघा, नाहीतर पाणी वरून सांडून खाली बल्बवर जाईल.

आता हिशोब बघा. समजा वर ६० मिली हवा ठेवली आणि फुगवटा ४०. म्हणजे ती हवा २० मिलीत कोंबली जाणार, दाब तिप्पट, शिवाय हवा स्वतः तापली त्याचा आणखी थोडा. तेच १२० मिली हवा ठेवली तर ती ८० मिलीत मावते, दाब दीडपट, गरमीचं धरून पावणेदोन ते दोनपट. एवढा दाब सोड्याच्या बाटलीचं झाकण सहज सोसतं. ४५ मिली ठेवली असती तर? नऊपट. माझ्या बाटलीत पहिल्या तीन वेळा साधारण एवढीच हवा असणार, झाकण मधोमध टेकडीसारखं फुगलेलं होतं आणि मी ते बघूनसुद्धा त्याचा अर्थ लावला नव्हता.

तर गार असताना वरची हवा फुगवट्याच्या तिप्पट ठेवा, अगदीच जागा नसेल तर दुप्पट, त्याखाली नाही. पातळी थोडी खाली दिसते हे खरं, पण वरची धातूची टोपी बसवली की बराच भाग झाकला जातो, आणि दिवा पेटल्यावर ती वर येतेच. बाटली कोमट असतानाच झाकण लावलं तर कमी हवेतही भागतं, कारण अर्धा फुगवटा आधीच झालेला असतो, पण मग गार झाल्यावर आत ओढ राहते, तेव्हा झाकण आणि काठ निर्दोष असले तरच हे करा. आणि कोमट बाटली अजिबात हलवायची नाही, मेण पातळ असताना धक्का बसला की ते बारीक कणांत फुटून पाणी दुधाळ होतं, कधी दोन दिवसांत निवळतं, कधी निवळतच नाही. मी स्वतः गार लावणंच पसंत करतो.

काठ

चौथ्या वेळी हवा नीट ठेवली, नवं झाकण कॅपरने (झाकण दाबून बसवायच्या अवजाराने) नीट दाबलं, आणि तरीही तपासायला झाकणाभोवती बांधलेल्या टिश्यूवर निळा ठिपका आला. हे मुद्दाम सांगतोय कारण इथं आणखी एक दोष लपलेला होता. झाकण काढलं आणि आतली मऊ चकती उजेडात धरली. काच दाबली गेल्याने त्या चकतीवर गोल वळ उठतो, तो सगळीकडून सारखा आणि अखंड हवा. माझ्यात एका जागी, दोन दात्यांच्या रुंदीइतका, तो वळ तुटला होता आणि तिथं निळ्या रंगाची बारीक रेघ बाहेरपर्यंत गेलेली. त्याच जागी काठावर नख फिरवलं तर अडकलं. तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला, डोळ्याला सपाटच दिसत होता.

तो टवका बहुतेक जुनं झाकण काढतानाच उडाला असणार. ओपनरने एकाच बाजूला जोर लावून उचकटलं की सगळा भार काचेच्या काठावर येतो. एक-एक दाता थोडा-थोडा सैल करत दोन-तीन फेऱ्या माराव्यात, बाटली पूर्ण गार असताना, फडक्यात धरून, डोळ्यावर चष्मा लावून.

टवका वरच्या सपाट भागापुरता आणि उथळ असेल तर काठ घासून घेता येतो. सपाट काचेच्या तुकड्याला ६०० नंबरचा पाण्याचा काळा सँडपेपर लावा, भरपूर पाणी घेऊन काठावर हलक्या हाताने गोल फिरवा, नख अडकायचं थांबेपर्यंत. काचेची भुकटी कोरडी उडू द्यायची नाही, ती फुफ्फुसात जाते, म्हणून पाणी. आणि हे बाटली रिकामी असताना करा, भरलेल्या बाटलीत ती भुकटी पडली तर सगळं पाणी गेलं. टवका बाहेरच्या कडेपर्यंत उतरला असेल, किंवा मानेत खाली जाणारी चीर असेल तर ती बाटली सोडून द्या. मन होत नाही, मला माहिती आहे, पण तापणारी आणि दाब धरणारी चिरलेली काच घरात ठेवू नये.

मग स्वच्छता. काठावर मेण असतंच असतं, सिरिंज आत-बाहेर करताना लागतं. नुसतं पुसून जात नाही आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने फारसं सुटत नाही. फडक्याच्या टोकाला मिनरल टर्पेंटाइनचे दोन थेंब घेऊन काठ पुसा, ते मेण उचलतं, मग अल्कोहोलने त्याचा तेलकटपणा काढा. आत एकही थेंब जाता कामा नये, मी मानेत कापसाचा बोळा दोरा बांधून ठेवतो. साबण नको, त्याचा अंश आत गेला तर मेणाचे गोळे फुटून शेवयांसारखे धागे व्हायला लागतात.

झाकण आणि दाबणं

बऱ्याचशा जुन्या बाटल्यांना सोड्याच्या बाटलीसारखं दातेरी पत्र्याचं झाकण असतं. १८९२ मध्ये विल्यम पेंटरने अमेरिकेत याचं पेटंट घेतलं तेव्हा २४ दाते होते आणि आत बुचाची चकती, आता २१ दाते असतात आणि चकती प्लास्टिकची. हे लक्षात घ्या, सील करतो तो पत्रा नाही, ती मऊ चकती. पत्र्याचं काम चकतीला काठावर दाबून धरणं एवढंच. म्हणूनच एकदा काढलेलं झाकण परत वापरायचं नाही, चकतीत जुना वळ बसलेला असतो आणि दाते वाकलेले असतात.

झाकणं दोन मापांत मिळतात, २६ आणि २९. काठाची बाहेरची रुंदी कॅलिपरने मोजा, २६-२७ मिलिमीटर असेल तर २६चं, २९च्या जवळ असेल तर २९चं. कॅपरची वाटीसुद्धा त्याच मापाची हवी. दोन दांड्यांचा हातातला कॅपर काठाखालच्या कडीला धरून दाबतो, आणि लॅम्पच्या काही बाटल्यांना तशी कडी नसते, तिथं तो घसरतो किंवा मान चिमटीत पकडतो, तेव्हा जबरदस्ती करू नका. उभा टेबलावरचा कॅपर फक्त वरून दाबतो, तो जास्त सुरक्षित, मात्र बाटली उंच असते तेवढी त्याची उंची हवी. खाली रबरी मॅट ठेवा, बाटली अगदी सरळ, आणि एकाच दमात, सावकाश, शेवटपर्यंत दाबा.

दाबल्यावर झाकणाच्या घेराची रुंदी परत मोजा. २६चं झाकण न दाबता ३२ मिलिमीटर भरतं, नीट बसलं की २८.६ ते २९ च्या दरम्यान यायला हवं. दोन-तीन दिशांनी मोजा. एका दिशेने २८.७ आणि आडव्या दिशेने २९.४ आलं म्हणजे तिरकं दाबलं गेलंय, ते झाकण काढा आणि नवं लावा. माझा तिसऱ्या खेपेपर्यंतचा सगळा घोळ या एका मोजमापाने वाचला असता असं मी म्हणणार नाही, पण अर्धा नक्की.

शेवटी झाकणाच्या दात्यांमध्ये अडकलेलं पाणी फडक्याने आणि थोड्या गार वाऱ्याने सुकवा. घनतेसाठी मीठ घातलं असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसून मग सुकवा, नाहीतर कापलेल्या कडेला महिन्याभरात गंज धरतो. बाहेरून सिलिकॉनचा पातळ थर लावायचा असेल तर आता लावा आणि दोन दिवस दिवा लावू नका. तो गंज आणि धूळ अडवायला, गळती अडवायला नाही.

पाझरतेय का हे कसं कळणार

बाटली उलटी करून बघू नका, मेण बुडापासून सुटलं तर तळाशी असलेल्या धातूच्या स्प्रिंगसकट वर येतं. मी दोन गोष्टी करतो. झाकणाभोवती पांढऱ्या टिश्यूची पट्टी रबराने बांधतो आणि दिवा आठ तास चालवतो, रंगाचा ठिपका आला तर नेमका कोणत्या दात्याखाली ते कळतं. दुसरं, वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोचा काटा पुरतो. सील केल्यावर गार बाटलीचं वजन लिहून ठेवा, मग दर आठवड्याला, नेहमी गार असताना. काट्यावरच संशय येतो म्हणून शेजारी झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली ठेवा आणि दोन्ही लागोपाठ तोला, दोन्ही सारखीच बदलली तर काटा हलला, एकटा लॅम्प कमी झाला तर पाझर. डोळ्याला पातळीतला फरक दिसायला निदान चार-पाच ग्रॅम जावे लागतात, काटा एका ग्रॅमला सांगतो.

उघडायच्या आधी हे वाचा

हे वर यायला हवं होतं कदाचित. बाटली फार जुनी असेल, १९६०च्या दशकातली, तर घरात उघडू नका. क्रेव्हन वॉकर यांनी १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये हा दिवा बाजारात आणला आणि १९६८ मध्ये मंजूर झालेल्या त्यांच्या अमेरिकन पेटंटात मेण जड करायला कार्बन टेट्राक्लोराइड सांगितलं आहे. ते यकृताला घातक आहे, त्याची वाफसुद्धा, आणि अमेरिकेत १९७० मध्ये घरगुती वस्तूंमधून त्यावर बंदी आली. अशा बाटलीला गोडसर उग्र वास आला तर तिथंच थांबा, नाल्यात ओतू नका, घातक रसायनं घेणाऱ्या ठिकाणी द्या.

आणि मेण पटकन वितळावं म्हणून बाटली गॅसवर किंवा हॉटप्लेटवर कधीही ठेवू नका. २००४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केंट शहरात एका तरुणाने लाव्हा लॅम्प स्टोव्हवर तापवला, तो फुटला आणि काच छातीत घुसून तो गेला. बंद बाटलीत दाब कुठवर चढतो ते वरच्या हिशोबात आहेच. बल्बही तळावर लिहिलेल्या वॅटचाच, जास्तीचा लावला की फुगवट्याचा सगळा हिशोब चुकतो.

स्क्रूच्या प्लास्टिक झाकणाची बाटली असेल तर कॅपरचा प्रश्नच नाही, पण त्या झाकणाला बहुधा कुठलाच गोंद चिकटत नाही कारण ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन असतं. आतली चकती नवी घाला, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे आटे फिरतात त्याच दिशेने द्या आणि घट्ट पिळा. हवेचा नियम तोच.

सगळं करून पहिल्याच आठवड्यात दोन ग्रॅम कमी भरले तर घाबरून लगेच उघडू नका. बाहेरच्या दात्यांमध्ये अडकलेलं पाणी सुकतं त्याचाही ग्रॅमभर जातो. दुसऱ्या आठवड्यात वजन थांबलं तर ठीक आहे. दुसऱ्या आठवड्यातही तेवढंच घटलं तर टिश्यू बांधा, ठिपका कुठं येतो तिथं पेनने खूण करा, आणि झाकण काढल्यावर पहिल्यांदा चकतीवरचा वळ बघा, तो कुठं तुटलाय.